शाळेतले सहा पलंग

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. तो शर्ट ते फक्त विहारात जाताना नाहीतर कुणाच्या लग्नाला घालायचे. मी पुण्याला निघालो होतो, तेही नुसतं काम शोधायला. ठरलेलं असं काहीच नव्हतं. पण बाबांचा थाट असा, की मला मोठ्या साहेबाची नेमणूकच मिळालीय. त्यांनी सायकलच्या कॅरिअरला माझी पत्र्याची पेटी दोरीने आवळली आणि केनवडच्या फाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आले. मी शेजारून चालत होतो. माय दारातच थांबली. फाट्यापर्यंत गेले तर पोराचा पाय निघणार नाही, असं तिला वाटलं असावं.

एसटी लांबून दिसली तेव्हा बाबा म्हणाले, "काहीबी काम करजो. हमाली करजो, चौकीदारी करजो, लाज नको धरू. पन दुसऱ्याची घान काढू नको. ते आपन सोडलं."

"आपण सोडलं" हे त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. हे मी गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय; तुमच्यापैकी आमच्या वस्तीतून बाहेर पडलेल्यांना ते समजावून सांगायची गरज नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला वाढलेल्यांसाठी सांगतो. मेलेली जनावरं ओढून नेणं हे माझ्या आजोबांच्या वाट्याला आलेलं काम होतं. धम्मदीक्षा घेतली आणि त्यांनी ते बंद केलं. त्यानंतर महिनाभरातच गावातल्या एका मोठ्या घरचा बैल मेला. बोलावणं आलं, आजोबा गेले नाहीत. त्या हंगामात आमच्या माणसांना गावात कुणी शेतावर कामाला घेतलं नाही. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. तो अख्खा पावसाळा रानातल्या तरोट्याची भाजी उकडून खाल्ली, एवढंच ते सांगायचे. पुढे विचारलं तर पेपर उघडून बसायचे.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी एका कंपनीत खोकी बांधत होतो. ती बंद पडली. खोलीवरचा एक मित्र म्हणाला, चल, आमच्याकडे जागा आहे. त्याचं "आमच्याकडे" म्हणजे शहराच्या कडेला असलेला एक वृद्धाश्रम. बाग, लिफ्ट, जेवणाचा हॉल, सगळं होतं. मला वाटलं बागेचं काम असेल. पहिल्याच दिवशी एका निवृत्त प्रोफेसरांच्या खोलीत पाठवलं. त्यांनी अंथरूण खराब केलं होतं आणि ते दोन्ही हातांनी चेहरा झाकून रडत होते. मी दारातून मागे फिरलो. जिन्यापर्यंत पोचलोही होतो. तिथल्या मुख्य सिस्टर मागून आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "जायचं तर जा. पण आधी एकदा बघून जा, कसं करतात ते."

त्यांनी मला शिकवलं ते आजही तसंच्या तसं करतो. आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं. त्याचं नाव घ्यायचं. मग आपण काय करणार आहोत ते त्याला सांगायचं. अंगावर चादर ठेवायची आणि जेवढं लागेल तेवढंच उघडायचं. हात लावायचा तो त्यानंतर. प्रोफेसर शेवटी शांत झाले आणि मला म्हणाले, "तुमचं नाव काय?" त्या वयाच्या, त्या शिक्षणाच्या माणसाने मला "तुमचं" म्हटल्याची ती पहिली वेळ. मी थांबलो आणि पुढे बावीस वर्षं थांबलो.

शिफ्ट, डायपर, कॅथेटर, बेडसोर, वॉकर, हे शब्द माझ्या तोंडात बसले. लग्न झालं. बायको, वंदना, तिथल्याच स्वयंपाकघरात काम करायची. मुलगी झाली. पण गावाकडे मी एकच सांगितलं होतं, दवाखान्यात आहे. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटंही नव्हतं. बाबा गावभर सांगायचे, "माहा पोरगा पुन्याले दवाखान्यात हाये." सुट्टीत गेलो की लोक गोळ्यांची पाकिटं घेऊन यायचे, ही कशाची, ती कधी घ्यायची विचारायचे. माहीत असे तेवढं मी सांगायचो. बाबा बाजूला बसून ऐकत राहायचे आणि त्यांचा चेहरा खुलायचा. तो पाहिला की मी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसायचो.

एकदा बाबा पुण्याला आले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, दवाखाना दाखव. मी त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी घेऊन गेलो. म्हणालो, आज माझी सुट्टी आहे, सुट्टीच्या दिवशी आत सोडत नाहीत. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. मान वर करून बोटाने मजले मोजले. मग मला विचारलं, "कोन्त्या मजल्यावर असतं तू?" मी म्हणालो, "चौथ्या." त्यांनी चौथा मजला शोधला आणि बराच वेळ तिकडे बघत राहिले. येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

माय गेली. बाबा एकटे राहू लागले. पुण्याला या म्हटलं की म्हणायचे, "तिथं मले कोन ओयखते?" तुमच्या घरचं उत्तरही हेच असेल. मग एके दिवशी सकाळी वस्तीतून फोन आला. बाबांना लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती. वाशिमला दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि घरी पाठवलं. मी पंधरा दिवसांची रजा काढून आलो.

शेजारच्यांनी त्यांना जमेल तेवढं केलं होतं. खाटेच्या मधल्या पट्ट्या कापून खाली घमेलं ठेवलं होतं. दोन वेळचं जेवण तोंडात घालत होते. पण पाठीवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मी त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर मोठी जखम होती. खोलीत वास होता. तो वास मी जिन्यावरूनही ओळखतो, पण तो माझ्या बापाचा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मी कामाला लागलो. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं. गुडघ्यांच्या मध्ये उशी. दर दोन तासांनी कूस बदलायची. बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्यांची वाणी जड झाली होती, पण बोललेलं कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी चादर सारखी करत असताना त्यांनी डोळे उघडले.

"हे तुह्या हाताले नवं नाही," ते म्हणाले.

मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिलो.

"दवाखान्यात हेच करतं काय तू?"

मी खाटेच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. दवाखाना नाही, वृद्धाश्रम. चौथा मजलाही नाही. बावीस वर्षं हेच. बाबांनी मान भिंतीकडे वळवली. म्हणाले, "मले हात लावू नको."

दोन दिवस त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. शेजारच्या काकाने पाणी पाजलं. कूस बदलायची वेळ झाली की मी दारात उभा राहायचो आणि ते डाव्या हाताने नको म्हणायचे. मला त्यांचा राग आला नाही असं म्हणणार नाही. ज्या कामाने माझं घर उभं राहिलं, मुलगी शिकली, त्या कामाची माझ्या बापाला किळस होती. आणि मला हेही कळत होतं, की किळस कामाची नव्हती. तो उपाशी काढलेला पावसाळा त्यांच्या अंगातून गेला नव्हता.

त्याच दिवसांत सुमनकाकू आल्या. काकू म्हणजे गोविंदरावांच्या पत्नी. गोविंदराव गावातले मोठे शेतकरी, आणि आजोबांना बोलावणं आलं होतं ते याच घरातून. बैल त्यांच्या वडिलांच्या गोठ्यातला होता. काकू आमच्या वस्तीत कधी आल्याचं मला आठवत नाही. दाराबाहेर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "दिलीप, तू पुन्यावरून आला म्हनून समजलं. आमचे हे चार महिन्यांपासून पडून हायेत. पाठ पाह्यवत नाही. पोरं फोन करतात, डॉक्टर आना म्हनतात. डॉक्टर येऊन जाते. पन मले याईले उचलता येत नाही रे. माह्याच्यानं कुशीवर वयवनं होत नाही." त्यांची मोठी दोन मुलं, एक नागपूरला, एक पुण्याला. काकूंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. बोलता बोलता त्यांनी दाराची चौकट धरली.

मी आत खाटेकडे पाहिलं. बाबा आत ऐकत होते. काकू थोडा वेळ थांबून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

"त्याच्या अंगाले वास येते काय?"

"येतच असेल. चार महिने म्हणतात."

"माह्याबी येत होता. तू यायच्या आंधी." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. "आंग सगळ्याईचंच नासते," ते म्हणाले. "जाय तू. पन मांगच्या दारानं जाऊ नको."

त्यानंतर स्वतःच डावा हात पुढे केला. कूस बदलायला.

मी गोविंदरावांच्या घरी पुढच्या दारानं गेलो. फार मोठं काही घडलं नाही. काकू बाजूला झाल्या, मी चप्पल काढली आणि आत गेलो. पण लहानपणी मायसोबत मी त्या घरी मागच्या अंगणात कितीतरी वेळा उभा राहिलो होतो. पुढची बैठक कशी आहे ते मला माहीत नव्हतं. गोविंदराव आडदांड माणूस, आता कातडी आणि हाडं उरली होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, नाव घेतलं. "गोविंदराव, मी दिलीप, किसनचा मुलगा. तुमची पाठ साफ करणार आहे." त्यांची वाचा गेली होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दुखण्याचं की कशाचं, ते मी विचारलं नाही आणि त्यांना सांगताही आलं नसतं.

त्या पंधरा दिवसांत मी गावातली आणखी काही घरं पाहिली. एका घरी म्हातारी पडलेली, सून-मुलगा ऊसतोडीला गेलेले, भाकरी शेजारीण टाकून जायची. एका घरी नवरा-बायको दोघंही ऐंशीच्या घरातले. त्याला दिसत नाही, तिला चालता येत नाही. एका घरी मोठा टीव्ही, फ्रिज, दारात कॅमेरा. मुलगा परदेशातून मोबाईलवर आईला बघायचा. आई पडली तेव्हा त्याने तिकडून पाहिलं आणि इकडे शेजाऱ्यांना फोन लावला. कुणालाही दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मीसुद्धा त्यातलाच. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बापांना कुशीवर वळवलं आणि माझ्या बापाच्या पाठीला जखम झाली.

रजा संपत आली. वंदनाला फोन केला. म्हणालो, मी इथेच राहावं म्हणतो. बाबा आहेत, आणि बाबांसारखे बाकीचेही आहेत. ती म्हणाली, "विचारतोस की सांगतोस?" मी म्हणालो, विचारतो. ती म्हणाली, "मुलीची बारावी होईपर्यंत मी हलणार नाही. ते जमत असेल तर राहा." तेव्हापासून दोन वर्षं आमचं घर दोन ठिकाणी होतं. बाप गावाकडे आणि बायको-मुलगी पुण्यात, असं उलटं स्थलांतर मी केलं. पुण्याहून सामान घेऊन उतरलो तेव्हा फाट्यावर यावेळी कुणी नव्हतं.

गावात दोन खोल्यांची एक शाळा बंद पडली होती. मुलं कमी झाली म्हणून ती मोठ्या शाळेत घातली होती. समोर व्हरांडा, मागे निंबाचं झाड, हातपंप. मी सरपंचताईंना भेटलो आणि म्हाताऱ्यांची सोय करायला ती मागितली. त्या म्हणाल्या, ग्रामसभेत ठेवू.

ग्रामसभेला गर्दी झाली. पहिलाच माणूस उठून म्हणाला, "गावात वृद्धाश्रम? म्हंजे आमी मायबापाले टाकून देल्लं असं तालुक्यात बोलतीन. इज्जत काय राह्यली?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मी सांगितलं, कुणाला टाकायचं नाही. ज्याला घर आहे त्याच्या घरी जाऊन करू. ज्याला करणारं कुणी नाही, त्याच्यासाठी इथे पलंग. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जाताना म्हाताऱ्यांना इथे ठेवावं, आल्यावर घेऊन जावं. चर्चा वाढत गेली. स्वयंपाक कोण करणार, कोण खाणार, हेही निघालं. थेट कुणी म्हटलं नाही, आडून निघालं.

मग एक वयस्क गृहस्थ उठले. चांगले माणूस, मनात वाईट काही नाही. म्हणाले, "अरे, येवढा विचार कायले करता? दिलीप हाये ना. तो आन् त्याच्या वस्तीतल्या दोन-तीन बाया करतीन समदं. त्याईले सवय हाये."

काय बोललं गेलं ते काहींना कळलं, काहींना नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा चेहरा आला. मी तयारी करून गेलो होतो, सगळे मुद्दे कागदावर लिहून नेले होते, पण कागद हातात तसाच राहिला.

मी म्हणालो, "काका, सवय कोणालाच नसते. मलाही नव्हती. ही शिकायची गोष्ट आहे. मी पगारी काम म्हणून शिकलो. गावातल्या प्रत्येक आळीतून माणूस येणार असेल तर मी शिकवतो. फक्त आमच्या वस्तीतून येणार असतील तर मी उद्याच्या गाडीने पुण्याला परत जातो. माझ्या बाबांना घेऊन जाईन."

सरपंचताई खाली बघत होत्या. तेव्हा बायकांच्या मागच्या रांगेतून इंदूबाई उठल्या. मधल्या आळीतल्या, नवरा वारलेला, चार एकर शेत स्वतः करतात. म्हणाल्या, "मी सासूचं सहा वर्सं केलं. हागलं-मुतलं समदं. तवा कोनी नाही इचारलं का इंदू, तुले सवय हाये काय? मी येईन."

त्यांच्यामागून गजानन उठला. गोविंदरावांचा चुलत पुतण्या, पस्तिशीचा. तो म्हणाला, "काकाचं करायले मले जमलं नाही. मले किळस आली, खरं सांगतो. पन शिकवलं तर येईन."

आमच्या वस्तीतून दोघी आल्या, तांड्यावरून एक जण. अशी पाच माणसं झाली. खर्चाचं कसं जमलं ती लांबण इथे लावत नाही. काही तुम्हीच पाठवलंत, ते तुम्हाला माहीत आहे.

शिकवायला सुरुवात केली तेव्हा अडचण अशी आली, की शिकायचं कुणावर? उशीला कुशीवर वळवून हात बसत नाही. जिवंत माणूस लागतो, त्याला वजन असतं, दुखणं असतं, लाज असते. गोविंदरावांची पाठ अजून भरली नव्हती, त्यांच्यावर शिकाऊ हात नको होते. मी घरी येऊन हे बोललो असेन. बाबांनी ऐकलं.

"माह्यावर शिकव," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, "मले शाळेत ने. माह्यावर शिकव त्याईले."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना शाळेत नेलं. पांढरा शर्ट घाला म्हणाले, घातला. फळ्याखाली पलंग टाकला होता. ते पलंगावर पडून एकेकाला शिकवू लागले. "उशी सरकली." "खांदा धर, हात नको ओढू." "पानी गरम हाये, आंधी आपल्या मनगटावर पाह्य." पाच जणांत कोण हलकं उचलतं, कोण घाई करतं, ते त्यांना चांगलं कळायचं आणि ते तोंडावर सांगायचे.

डायपर बदलायचा दिवस आला. गजाननची पाळी होती. व्हरांड्यात बायका थांबल्या, आत आम्ही तिघंच. गजाननने हातमोजे चढवले. चादरीचं टोक धरलं आणि तसाच उभा राहिला, नजर भिंतीवर. ज्या घरातून आजोबांना बोलावणं आलं त्याच घरातला हा मुलगा, आणि पलंगावर आजोबांचा मुलगा. गजाननला ते माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. मला होतं. बाबांना तर होतंच. मी पुढे होणार होतो, बाबांनी डोळ्यांनीच थांब म्हटलं.

"गजानन," ते म्हणाले. "तिकडं कायले पाह्यतं? माह्या तोंडाकडं पाह्य. नाव घे माहं."

गजानन म्हणाला, "किसनकाका."

"हां. आता काय करतं ते सांग मले."

"तुमाले साफ करून राह्यलो, काका."

"मंग कर. घाबरू नको. मी हाये ना."

त्याने केलं. वेळ लागला, पण नीट केलं. मी बाहेर जाऊन हातपंपाच्या दांड्याला धरून उभा राहिलो. बायकांनी विचारलं, झालं काय? मी मान हलवली. आत गेलो तेव्हा बाबा छताकडे बघत होते आणि त्यांच्या डाव्या गालावर ओघळ होता. मला म्हणाले, "पोरगं शिकते. हात हलका हाये." त्या दिवसानंतर माझ्या कामाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. चांगलंही नाही.

सहा पलंगांवर शाळा सुरू झाली. गावातली म्हातारी माणसं तिला शाळाच म्हणतात. "आज शाळेत जातो" म्हणत काठी टेकत दुपारी येतात, व्हरांड्यात बसतात, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आठवड्याने येतात त्यांना बीपी दाखवतात, संध्याकाळी घरी जातात. इंदूबाई आणि तांड्यावरची ललिता सायकलवर घरोघरी फिरतात. ऊसतोडीच्या महिन्यांत पलंग कमी पडतात, तेव्हा खाली गाद्या टाकतो.

गोविंदरावांना शेवटच्या महिन्यांत इथेच आणलं. शिकवायला आलेले बाबा शाळेतच राहिले होते, त्यांच्या शेजारचा पलंग. तुमच्यातल्या काहींनी फोनवर विचारलं होतं, दोघांचं मनमोकळं झालं काय? तसं काही झालं नाही. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला ते काढायचं नव्हतं. पण बाबा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, जड जिभेने, आणि त्यात गोविंदरावांची रास वाचायचे. बाबांचा राशीवर काडीचा विश्वास नाही. "गोविंदराव, तुमाले आज प्रवासाचा योग हाये. गाडी बलावू काय?" गोविंदराव अर्ध्या तोंडाने हसायचे. सुमनकाकू स्वतःचा डबा घेऊन यायच्या आणि खोलीच्या कोपऱ्यात बसून जेवायच्या. आमच्या स्वयंपाकघरातलं त्यांनी कधी खाल्लं नाही. गोविंदराव गेल्यावरही येतात, डबा घेऊन येतात. मी त्यांना खुर्ची देतो. काही गोष्टी माझ्या हयातीत बदलायच्या नाहीत, हे मी मान्य केलं आहे, आणि आवडलेलं मात्र नाही.

बाबा मागच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी, पेपर यायच्या आधी. पाठीवर एकही जखम नव्हती. शेवटची अंघोळ गजाननने आणि मी घातली. गजानन त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "किसनकाका, पानी टाकून राह्यलो." सवयीने. आम्ही दोघंही थांबलो, आणि मग पाणी टाकलं.

तुम्ही गेलात त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी गेलो नसतो तर हे काम शिकलो नसतो. ज्या म्हाताऱ्यांचं मी पुण्यात केलं, त्यांची मुलंही लांब कुठे तरी गेलेलीच होती. तुमचे आई-बाप इथे आहेत. कुणाच्या पाठीचं काय, कोण किती जेवलं, ते इंदूबाई फोनवर सांगतात. तुम्ही फोन करता तेव्हा आधी पैशाचं बोलू नका. आधी त्यांना नावाने हाक मारा.

मे महिन्यात वंदना आणि मुलगी सामान घेऊन आल्या. बारावीचा निकाल लागला होता. मुलगी व्हरांड्यात बसून मोबाईलवर कॉलेजचा अर्ज भरत होती. मध्येच तिने विचारलं, "पप्पा, कायमचा पत्ता कुठला टाकू?" मी गावाचं नाव सांगितलं. तिने टाकलं.

"आणि वडिलांचा व्यवसाय? शाळेच्या सगळ्या फॉर्मवर तुम्ही 'खासगी नोकरी' लिहायचात. तेच टाकू?"

आत पलंगावरच्या एका म्हाताऱ्यांनी हाक मारली, त्यांची कूस बदलायची वेळ झाली होती. मी उठलो. दारात थांबून तिला म्हणालो, "नाही. लिही, म्हाताऱ्या माणसांची सेवाशुश्रूषा करतो. धुणं-पुसणं सगळं करतो."

"एवढं मावत नाही त्यात."

"मग जेवढं मावेल तेवढं लिही. पण खरं लिही."

आणि आवाज खाली न आणता मी हे बोललो, गावाच्या मध्यावर, व्हरांड्यात दहा माणसं बसलेली असताना. वृद्धाश्रमाच्या बावीस वर्षांत मला असं एका ठिकाणीही जमलं नव्हतं, बाबांच्या घरातसुद्धा नाही. घर कशाला म्हणायचं ते मला विचाराल तर मी त्या व्हरांड्याकडे बोट दाखवीन. मग आत जाईन, कारण पलंगावर माणूस वाट बघत असतो.